जुन्या धाटणीच्या गाडीची कॉईल का जळते?

आमचा धंदा कापडाचा. तरी या खेपेस मोटारीच्या इग्निशन कॉईलवर लिहीत आहोत, कारण आपल्या वाचकांत गॅरेजवाले आणि ऑटो इलेक्ट्रिशियन बंधू पुष्कळ आहेत, आणि हा सवाल आमच्याच घरातून आला.

आमचा भाचा इंग्लंडमध्ये गॅरेजात काम करतो. तिकडे ए. सी. कोब्रा या १९६२ सालच्या गाडीच्या नकला हौशी लोक सुटे भाग जुळवून बनवतात. अशाच एका गाडीचे काम त्याच्याकडे आले. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू, पंधरा-वीस मिनिटांत बंद, गार झाली की पुन्हा सुरू. दोन कॉईली बदलून झाल्या, दोन्ही हात लावू देईनात. मालकाने मजुरी अडकवून ठेवली.

आता नीट लक्ष द्या. बारा व्होल्टच्या गाडीत पॉइंटवर चालणाऱ्या कॉईली दोन जातीच्या असतात. एकीच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स सुमारे ३ ओहम; ती थेट बारा व्होल्टवर चालते. दुसरीचा सुमारे दीड ओहम. तिच्या वाटेत आणखी दीड ओहमचा बॅलास्ट लागतो. सेल्फ मारताना बॅटरी नऊ-दहा व्होल्टवर उतरते, तेवढ्यापुरता बॅलास्ट टाळून कॉईलला थेट करंट द्यायचा आणि ठिणगी जोरदार ठेवायची, ही त्यातली खुबी. बाहेरून दोन्ही कॉईली सारख्याच दिसतात.

इंजिन चालू असताना चौदा व्होल्ट धरा. पॉइंट मिटले की ३ ओहममधून पावणेपाच अँपियरच्या आत करंट जातो. दीड ओहमची कॉईल बॅलास्टविना जोडली तर नऊच्या वर. मग कॉईल तापते आणि सी. बी. पॉइंट जळतात. उलट, ३ ओहमच्या कॉईलला बॅलास्ट लावला तर ठिणगी मरतुकडी.

भाच्याच्या गाडीत झाले होते असे: इंजिन एका जुन्या गाडीतून काढलेले, कॉईल त्या इंजिनाच्या नावाने घेतलेली, वायरिंग मात्र कोरे. काही गाड्यांत बॅलास्ट म्हणून वेगळा डबा नसतो, वायरिंगमधली एक वायरच रेझिस्टन्सची असते, आणि ती दिसायला साध्या वायरीसारखीच. इंजिन निघाले, वायर जुन्या गाडीतच राहिली! आम्ही थान उलगडून मोजल्याशिवाय लेबलावर विश्वास ठेवत नाही. इथे तिघांनी लेबलावरच माल घेतला.

तपासणी अशी करावी. स्विच बंद, कॉईलच्या दोन्ही वायरी सोडवून मीटर लावा. मीटरच्या दोन टोकांचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी पाहून वजा करा, नाहीतर दीडचे दोन दिसतील. मग वायरी जोडून, स्विच चालू करून कॉईलच्या प्लसवर व्होल्ट बघा. पण पॉइंट मिटलेले हवेत. ते उघडे असतील तर करंटच वाहत नाही आणि बॅलास्ट असूनही मीटर पुरे बारा दाखवतो. भाचा याच ठिकाणी एक दिवस फसला होता. बॅलास्ट असेल तर सहा-सात व्होल्ट दिसतात. हे काम झटपट उरका, इंजिन बंद ठेवून स्विच चालू राहिला तरी कॉईल तापते.

उपाय दोन. ३ ओहमची कॉईल लावून थेट वायर द्यावी. एकट्या गाडीसाठी आम्हांला हाच सोपा वाटतो. नाहीतर बॅलास्ट बसवून सोलेनॉइडच्या वेगळ्या टर्मिनलवरून कॉईलच्या प्लसला वायर आणावी. ही वायर चावीकडून येणाऱ्या सेल्फच्या टर्मिनलला कधीही जोडू नये. करंट उलटा जाऊन चावी सोडल्यावरही सेल्फ फिरत राहू शकतो.

आणखी एक. मूळ कोब्राची बॉडी अॅल्युमिनियमची, नकलेची बहुधा फायबरची. फायबरमधून अर्थिंग मिळत नाही आणि इंजिन बसते रबरावर. म्हणून इंजिनापासून चेसिसला जाड अर्थची पट्टी हवीच.

भाच्याने ३ ओहमची कॉईल लावली, पॉइंट नवे घातले आणि गाडी तासभर चालवून दाखवली. मजुरी मिळाली, आधीच्या दोन कॉईलींचे पैसे मात्र त्याच्याच अंगावर पडले.