पावती घेऊन ये

चि. बाळू यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाली, ताईच्या पाटल्या गहाण पडल्यात म्हणे, बाळूच्या कॅमेऱ्यासाठी. मावशीचं निम्मं सोडून द्यायचं असतं. पण उरलेल्या निम्म्यानेच रात्रभर डोळा लागला नाही. खरं काय ते कळव.

तुला फुल फ्रेम हवा. सेन्सर मोठा तर फोटो चांगला, हे खोटं नाही. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, फुल फ्रेमचा ३६ बाय २४. म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडं जास्तच, आणि प्रकाशही तेवढाच जास्त. कार्यालयाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ३२०० आयएसओला नवरीच्या गालावर उठणारा रवा कमी होईल, मान्य. पण अरे, तुझी किट लेन्स झूम केली की ५.६ वर अडकते. तिच्या जागी ५० एमएमची १.८ लाव, प्रकाश जवळजवळ दहापट! आणि तिला पाटल्या लागत नाहीत. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतले आत्या-काका स्पष्ट हवे असतील, तर फुल फ्रेमवर ॲपर्चर आणखी बंद करावं लागतं, आयएसओ चढतो आणि मोठ्या सेन्सरची कमाई तिथेच खर्ची पडते. हे काउंटरवरचा माणूस सांगत नाही.

रागावलोय खरा, पण मला तो हक्क आहे का, कोण जाणे. १९८६ साली मी तुझ्या आजीची मोहनमाळ सावकाराकडे ठेवून याशिका मॅट घेतला. सहा बाय सहाची निगेटिव्ह, पस्तीस एमएमच्या साडेतीनपट मोठी. केवढीही प्रिंट काढा, ग्रेन शोधावा लागे. पण एका रोलवर फोटो बाराच, आणि हप्त्यांपायी रोल जपून वापरायचे. पहिल्याच मोठ्या लग्नात शेवटच्या मंगलाष्टकाला रोल संपला. पाठीमागचं झाकण उघडून नवा चढवतोय, तोवर ‘सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या. नवरीच्या चुलत्याने साध्या पस्तीस एमएमवर तो क्षण धरला. ग्रेन होता, थोडा हललाही होता. त्यांच्या भिंतीवर तोच लागला.

मोहनमाळ सुटली नाही. आजीने कधी विषय काढला नाही. फक्त ताईच्या लग्नात दिवसभर पदर गळ्याशी घट्ट धरून वावरली. माझ्याच निगेटिव्हमध्ये दिसतं ते, अगदी लख्ख.

म्हणून पाटल्यांचं विचारतोय, पुन्हा पुन्हा.

तुझा हात चांगला आहे, बाळू. गेल्या गणपतीत ताई मोदक वळताना तू मोबाइलवर काढलेला फोटो माझ्या पाकिटात आहे. सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान, पण खिडकीचा उजेड तिच्या बोटांवर कुठे पडतोय हे तुला दिसलं. मला तुझ्या वयात नसतं दिसलं. फुल फ्रेम तू घेशीलच, कामाच्या पैशातून.

पन्नासची लेन्स माझ्याकडून. दिवाळीला ताईला घेऊन ये. पाटल्या तिच्या हातात असल्या तर बरंच. नसल्या तरी ओरडणार नाही, आपण दोघं जाऊन सोडवून आणू. पावती तेवढी आठवणीने बरोबर आण.

तुझा,
मामा