मोतीचे दहा दिवस

साताऱ्याच्या पूर्वेस सुमारे पाच किलोमीटरांवर कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम आहे. तेथे संगम माहुली या गावी नदीकाठी देवळे आहेत, राजघराण्यातील माणसांच्या समाध्या आहेत, आणि त्यांच्याच शेजारी एक समाधी एका कुत्र्याची आहे. छत्रपती शाहू महाराजांचा हा लाडका कुत्रा. त्याचे नाव खंड्या. शाहू महाराजांना १७०८ साली साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि १७४९ साली त्यांचे देहावसान झाले. एकदा शिकारीत वाघ अंगावर आला असता या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाचविले, अशी कथा सांगतात. पुढे त्यास जरीची झूल मिळाली, पालखीचाही मान मिळाला, असे म्हणतात.

पालखीत बसून खंड्यास काय वाटत असेल, कोण जाणे! मला तर वाटते, खाली उडी टाकून भोयांच्या पुढे धावत सुटावे, असेच त्याच्या मनात येत असेल. कुत्र्यास काय हवे असते, हे मी माहुलीस शिकलो नाही. ते मला आमच्या मोतीने शिकविले, आणि तेही फार उशिरा.

आम्ही सांगलीस गावभागात राहत होतो. वडील शाळेत शिक्षक होते. १९७८ साली काही कामानिमित्त ते माण तालुक्यात दहिवडीकडे गेले होते. परत येताना त्यांनी धनगरांच्या एका वाड्यावरून दोन महिन्यांचे एक पिल्लू आणले. पांढरेशुभ्र अंग, एक कान तेवढा तांबूस. त्याचे नाव आम्ही मोती ठेवले. पिल्लू देताना म्हातारा मेंढपाळ वडिलांना म्हणाला होता, "गुरुजी, ह्याला बांधून घालू नगा. चालणाऱ्याची जात हाय ही."

त्या वाक्याचा अर्थ आम्हांस कळला नाही. माण, खटाव, फलटण या बाजूचे मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन चाऱ्याच्या मुलखाकडे निघतात. काही जण तर सह्याद्री उतरून थेट कोकणात जातात. दिवसभर मेंढरांबरोबर कुत्रीही चालतात. रात्री माणसे अंग टाकतात तेव्हा कुत्री मात्र जागी असतात, कारण त्या माळरानात लांडगा केव्हा येईल याचा नेम नसतो. मोतीची आई, आजी, पणजी अशीच चालत आणि जागत आली होती. आणि आम्ही तिच्या लेकरास दहा पावलांच्या अंगणात आणून ठेवले होते!

पहिले काही महिने मौजेचे गेले. मोतीने वडिलांच्या वहाणा कुरतडल्या, आजीच्या वाळवणावर लोळण घेतली, तरी सर्व हसत होते. कुत्रा मोठा झाला तसे हसणे थांबले. मग एके दिवशी साखळी आली. मी म्हणे, ताई त्याला हिंडवील. ताई म्हणे, मी हिंडवीन. आणि वडिलांना शाळेतून येण्यास संध्याकाळ होई. मोती घरात सर्वांचाच होता, म्हणून त्याचे काम कोणाचेच नव्हते.

बांधलेला कुत्रा रात्रभर भुंके. शेजारी तक्रार करीत. आम्हांस वाटे, कुत्रा हट्टी आहे. वस्तुतः दिवसभरात न वापरलेली शक्ती तो रात्री घशातून बाहेर काढीत होता. खाताना कोणी जवळ गेले की तो गुरगुरे. त्याबद्दल मी त्यास दोन-तीनदा छडीने मारले. काही दिवसांनी त्याने गुरगुरणे सोडले, आणि आपण कुत्र्यास वळण लावले म्हणून मला धन्यता वाटली.

मुलांनो, माझी खरी चूक हीच होती. कुत्र्यास आपल्यासारखे बोलता येत नाही, पण त्याचे सारे अंग बोलत असते. कान मागे पडले, शेपूट पोटाखाली गेली, अंग ताठरले, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागला, म्हणजे तो सांगत असतो की मला भीती वाटते, दूर व्हा. गुरगुरणे ही त्याची शेवटची सूचना असते. शेपूट हलविणारा प्रत्येक कुत्रा प्रसन्न असतो असेही नाही. ताठ उभी शेपूट झपाझप हलू लागली तर सावध राहावे. सूचना देण्याबद्दल ज्यास मार बसतो, तो कुत्रा सूचना देणे सोडतो. त्याची भीती मात्र जात नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारचा सात वर्षांचा सदा आमच्या अंगणात आला. त्याचा चेंडू मोतीच्या थाळीजवळ गेला होता. मोती भाकरी खात होता. सदा वाकला, आणि मोतीने काही न गुरगुरता त्याच्या पोटरीस चावा घेतला.

आरडाओरडा झाला. कोणीतरी जखमेत तिखट भरले. तेवढ्यात वडील आले. त्यांनी सदास नळाखाली नेऊन साबणाने जखम बराच वेळ धुतली आणि त्यास उचलून दवाखान्यात नेले. तिखट, हळद, चुना, तंबाखू यांपैकी काहीही कुत्र्याच्या चाव्यावर लावू नये, हे डॉक्टरांनी आम्हांस बजावून सांगितले. वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे जखम धुणे आणि विलंब न करता दवाखाना गाठणे, हाच पहिला उपाय आहे. नंतर डॉक्टरांनी विचारले, "गुरुजी, कुत्र्याला लस टोचली होती का?"

वडील काहीच बोलले नाहीत. आम्ही मोतीस लस टोचलीच नव्हती.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीज या रोगाचे विषाणू असतात. चाव्यातून ते माणसाच्या शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडे सरकतात. ते मेंदूत पोहोचून रोगाची लक्षणे दिसू लागली की मग माणूस बहुधा वाचत नाही. परंतु या प्रवासास पुष्कळदा काही आठवडे लागतात, आणि तेवढ्या अवधीत लशीने शरीर तयार करता येते. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास अशी लस प्रथम दिली, आणि तो वाचला. सदाच्या वेळी ही लस पोटात टोचीत असत आणि ती फार दुखे. ती जुनी लस आता बंद झाली आहे. आज थोड्याच सुया लागतात आणि त्या दंडात देतात. मात्र त्या सांगितलेल्या दिवशी न चुकता घ्याव्या लागतात.

डॉक्टर म्हणाले, "कुत्र्याला मारू नका आणि सोडूही नका. दहा दिवस नजरेखाली ठेवा." चावतेवेळी कुत्र्याच्या लाळेत विषाणू असतील, तर दहा दिवसांच्या आत तो आजारी पडून मरतो. दहा दिवस धडधाकट राहिला, तर चाव्यातून रेबीज झालेला नाही असे समजावे. तोवर सदाचे उपचार चालूच राहणार होते.

ते दहा दिवस मी विसरलेलो नाही. सकाळी सदाचे वडील त्यास खांद्यावर घेऊन दवाखान्यात जात. सदाची आई आमच्या घराकडे पाहतही नसे. मी उठल्याबरोबर मोतीपुढे पाण्याची वाटी सरकवी आणि श्वास रोखून पाहत बसे. पिसाळलेला कुत्रा पाण्यास भितो, असे मी ऐकले होते. ते खरे नव्हे. पाण्याचे भय हे माणसातील लक्षण आहे, कुत्र्यात ते दिसेलच असे नाही. पण मोती पाणी प्याला की मला दिवस उजाडल्यासारखा वाटे.

चौथ्या दिवशी वडिलांनी त्याचा गळपट्टा सैल केला. खाली सबंध मानेभोवती कातडी सोलवटून निघाली होती, आणि केसांत गोचिडी भरल्या होत्या. वडील बराच वेळ त्या मानेकडे पाहत राहिले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा त्यांना ठाऊक होता. सदैव साखळीने बांधलेल्या कुत्र्यास पुरेसे न हिंडविणे हा त्या कायद्याने मालकाचा अपराध आहे. त्यांनी मला एवढेच सांगितले, "जखम धुवायला कोमट पाणी आण."

दहावा दिवस उलटला. मोती ठणठणीत होता. डॉक्टरांनी सदाच्या सुया थांबविल्या. दुसऱ्याच दिवशी वडील मोतीस गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि लस टोचून आणली. पिल्लू तीन महिन्यांचे होताच ही लस द्यावयाची असते, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा पुन्हा. स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद लागला: सकाळी मी, संध्याकाळी ताई, रविवारी वडील. पहाटे कृष्णेच्या काठाने आयर्विन पुलापर्यंत जायचे आणि यायचे. पंधरा दिवसांत रात्रीचे भुंकणे थांबले. जेवणाच्या वेळी त्याच्याजवळ कोणी जायचे नाही, असा नियम झाला. त्यास काय खाऊ घालू नये, हे मात्र पुढे कितीतरी वर्षांनी कळले. तासगावकडच्या द्राक्षांच्या मुलखात तर हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. द्राक्षे आणि बेदाणे आपल्यास गोड लागतात, पण कुत्र्याचे मूत्रपिंड त्यांनी निकामी होऊ शकते. कांदा, लसूण आणि चॉकलेटही त्यास घातक असते.

महिनाभराने एका संध्याकाळी सदा आमच्या दाराशी आला. हातात भाकरीचा तुकडा होता. आत येण्याचा त्यास धीर होईना. मी मोतीचा पट्टा धरून बसलो होतो. मोतीचे कान किंचित मागे गेलेले मी पाहिले आणि सदास म्हटले, "जवळ येऊ नकोस. तिथेच ठेव."

सदाने भाकरी उंबऱ्यावर ठेवली आणि तो दोन पावले मागे सरला. मी पट्टा सैल केला. मोती सावकाश पुढे गेला. तो भाकरी खाईपर्यंत आम्ही कोणीच जागचे हललो नाही.