दादाची सही दादाच करेल

दापोडी

चि. मृणाल,

दादाची ॲन्जिओप्लास्टी नीट पार पडली आणि सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. आता रक्ताची गाठ होऊ न देणाऱ्या एका नव्या औषधाच्या चाचणीत तो भाग घेईल का, असं डॉक्टरांनी विचारलंय आणि घरात दोन तट पडलेत. काका म्हणतो, आपला माणूस प्रयोगाला द्यायचा नाही. आई म्हणते, तपासण्या फुकट होतील, मग काय वाईट? मला दोन्ही मतं घाईची वाटतात.

रक्तवाहिनी उघडी ठेवणारा जो स्टेंट आज दादाच्या छातीत आहे, त्याच्यामागेही कुणीतरी कधीतरी 'हो' म्हटलेलं आहे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी अडतीस वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाची रक्तवाहिनी पहिल्यांदा फुग्यानं रुंदावली. तोवर जाग्या माणसावर हे कुणी केलेलं नव्हतं.

पण एका माणसाला गुण आला म्हणून उपचार सिद्ध होत नाही, त्यासाठी तुलना लागते. आपल्याच देशातलं उदाहरण बघ. औषधाचा लेप दिलेले दोन प्रकारचे स्टेंट वापरात होते, एकावर पॅक्लिटॅक्सेल, दुसऱ्यावर एव्हरोलिमस. मधुमेहींना दोन्ही सारखेच लागू पडतात का, यावर डॉक्टरांत एकमत नव्हतं. तेव्हा भारतातल्या ४६ केंद्रांवर १,८३० मधुमेही रुग्ण 'टक्सेडो-इंडिया' चाचणीत सामील झाले. डॉ. उपेंद्र कौल तिचे प्रमुख होते. कुणाला कोणता स्टेंट, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. २०१५ साली निकाल आला. स्टेंट बसवलेल्या रक्तवाहिनीमुळे वर्षभरात पुन्हा गंभीर त्रास झालेले रुग्ण पॅक्लिटॅक्सेलच्या गटात ५.६ टक्के होते, एव्हरोलिमसच्या गटात २.९ टक्के. नुसत्या अनुभवावर विसंबून हा फरक एकट्या डॉक्टरला कधी दिसला नसता. दादाही मधुमेही आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

अशाच तुलनेचं दुसरं उदाहरण म्हणजे 'इस्केमिया' ही चाचणी. भारतासह ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण तिच्यात होते आणि निकाल २०२० साली छापून आला. आजार स्थिर असलेल्यांत आधी औषधं देणं आणि लगेच ॲन्जिओप्लास्टी किंवा बायपासकडे वळणं, यांत मृत्यू किंवा हृदयविकाराचे झटके कमी होण्याच्या दृष्टीनं ठळक फरक आढळला नाही. मात्र ज्यांच्या छातीत वारंवार दुखायचं, त्यांना ॲन्जिओप्लास्टी किंवा बायपासच्या वाटेनं जास्त आराम पडला. झटका आलेल्या रुग्णाला हा निकाल लावायचा नाही. त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यायलाच हवं.

आपल्या माणसांनी चाचण्यांत असायला हवं, याला आणखी एक कारण आहे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी येतो, असं 'इंटरहार्ट' अभ्यासात दिसलं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्यांच्या घरांत हे आकडे वाचून सांगावे लागत नाहीत. युरोपातल्या रुग्णांवर तपासलेलं औषध आपल्याला किती मानवेल, हे आपल्या लोकांवर तपासल्याशिवाय नक्की कसं कळणार?

काकाची भीतीही निराधार नाही. गरीब रुग्णांना नीट न सांगता चाचण्यांत घेतलं जातं, अशी तक्रार घेऊन 'स्वास्थ्य अधिकार मंच' २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ साली भरपाईचे नियम आले आणि २०१९ साली 'नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमावली' लागू झाली. चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात. चाचणीमुळे मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई द्यावी लागते. चाचणीला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि त्या समितीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. आधी हे सगळं कागदावर तपास. 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया'त चाचणीची नोंद आहे का ते बघ. नोंद नसेल, किंवा नव्या औषधाचे पैसे मागत असतील, तर त्यात पडू नको, असं दादाला स्पष्ट सांग.

मग माहितीपत्रक घरी आण आणि दादाला वाचून दाखव, मराठीतलंच. नेहमीच्या गोळ्या चालू राहतील का? डमी गोळी वाट्याला येऊ शकते का? रक्तस्राव झाला तर रात्री फोन कुणाला करायचा? हा तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा खरा धोका तोच असतो. तपासणीच्या खेपा किती, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, हेही विचार. आईला मात्र समजावून सांग की, फुकट तपासणी हे चाचणीत जायचं कारण असू शकत नाही.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात काढलेला दादा यंत्राचा एक स्क्रूही न विचारता बदलू द्यायचा नाही. तोच विचारेल आणि तोच ठरवेल. तू, आई किंवा काका, कुणीही त्याच्या वतीनं हो किंवा नाही म्हणू नका. तो नाही म्हणाला तरी त्याचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. हो म्हणून नंतर मधेच बाहेर पडायलाही तो मोकळा आहे. सही केलीच, तर माहितीपत्रकाची आणि संमतीपत्राची प्रत मागून घ्या. ती मिळणं हा त्याचा हक्क आहे.

तुझी,
आत्या