आधी बोट, मग जनावर: ट्रॉलरवरच्या भयपटाची कृती

जहाजावर शिरलेलं जनावर ही गोष्ट हाती पैसा नसलेल्या दिग्दर्शकासाठी फार चांगली आहे. माणसं मोजकी लागतात, जागा एकच, पळायला वाट नाही आणि मदतीला येणारं कोणी नाही. तरी असे बरेच सिनेमे फसतात. सगळा पैसा आधी जनावरावर जातो आणि उरलेल्या पैशांत मिळेल ती बोट घेतली जाते. क्रम उलटा हवा. आधी बोट मिळवा, ती नीट बघा, आणि मग त्या बोटीत मावेल असं जनावर आणि त्याच बोटीवर घडू शकेल अशी गोष्ट लिहा. खालची कृती वीस-पंचवीस मिनिटांच्या लघुपटासाठी आहे.

बोट

व्हॅल ल्यूटन या निर्मात्यानं १९४३ साली ‘द घोस्ट शिप’ केला, तो आरकेओ स्टुडिओत ‘पॅसिफिक लायनर’ या जुन्या सिनेमासाठी बांधलेला जहाजाचा सेट पडून होता म्हणून. सेट आधी होता, कथा त्याच्यावर बेतली गेली. आपल्या किनाऱ्यावर असा तयार सेट दर पावसाळ्यात पडून असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मिरकरवाडा, हर्णै, वर्सोवा, ससून डॉक कुठंही जा, ट्रॉलर धक्क्याला नाहीतर खाडीत बांधलेले दिसतात, काही किनाऱ्यावर ओढून शाकारलेले असतात. खलाशी गावी गेलेले असतात. नाखवा मात्र मोकळा नसतो, कारण डागडुजी, रंग, इंजिनाची कामं त्याच दिवसांत उरकायची असतात. म्हणून मे महिन्यातच जाऊन बोला आणि बोट रंगायला काढायच्या आधीचे दिवस मागून घ्या. गंजलेली, पोपडे सुटलेली बोट तुम्हाला हवीच आहे.

भाड्यात काय काय धरलं आहे ते कागदावर घ्या: डिझेल, रात्रीचा राखणदार आणि ती बोट ओळखणारा एक तांडेल. तांडेल हा युनिटमधला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस. तो ‘नको’ म्हणाला की तो शॉट रद्द, मग कॅमेरामन काहीही म्हणो. परवानगी लहान बंदरांवर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे मागायची, मुंबईच्या गोद्यांमध्ये मुंबई बंदर प्राधिकरणाकडे. शिवाय स्थानिक पोलीस ठाण्याला तारखांसह लेखी कळवायचं. २००८ च्या हल्ल्यातले अतिरेकी मासेमारी बोटीतून मुंबईजवळ आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावरची गस्त कडक आहे. मध्यरात्री बोटीवर दिवे हलताना दिसले आणि किंकाळ्या ऐकू आल्या तर गस्तीवाले धावून येणारच.

मग एक अख्खा दिवस कॅमेऱ्याशिवाय बोटीवर काढा. टेपनं मापं घ्या. माणूस कुठे ताठ उभा राहतो, कुठे वाकतो, कुठल्या दारातून दोघं एकदम जाऊ शकत नाहीत, हे लिहून ठेवा. प्रत्येक कोपऱ्याचे दोन फोटो काढा, एक छातीच्या उंचीवरून, एक फळीलगत खाली धरून. फळीलगतच्या ज्या फोटोकडे बघताना अंगावर काटा येतो, तिथून जनावर येणार.

गोष्ट

एडवर्ड कान यांचा १९५८ चा ‘इट! द टेरर फ्रॉम बियाँड स्पेस’ अगदी स्वस्तातला सिनेमा आहे, पण त्याची मांडणी अजून शिकण्यासारखी आहे. मंगळावरून परतणाऱ्या यानात एक जनावर तळाशी लपून येतं. माणसं एकेक मजला सोडत वर सरकतात आणि शेवटी वर जागाच उरत नाही. ट्रॉलरला हेच लावा. तळाला मासळी ठेवायचा खण, त्यावर डेक, डेकवर केबिन, केबिनचं छप्पर, आणि त्याच्या वर फक्त डोलकाठी. खणात पहिला माणूस जातो, डेकवर दुसरा, केबिनमध्ये दोघं कोंडले जातात, छपरावर एकच उरतो. प्रेक्षकाला नकाशा समजावून सांगावा लागत नाही. जनावर खाली, माणसं वर, आणि मधली जागा कमी होत चाललेली.

माणसं चारच ठेवा: तांडेल, इंजिनवाला, पहिल्यांदाच बोटीवर आलेला पोरगा आणि जो घाईला आला आहे तो मालकाचा भाऊ. प्रत्येकाला बोटीवरचं एक काम द्या आणि नटांकडून ते काम खरोखर करून घ्या. जाळं आवरताना हात चुकले, तर पुढचं जनावर कितीही चांगलं असो, कोकणातला प्रेक्षक त्यावर विश्वास ठेवणार नाही.

जनावर

रॉजर कॉर्मनच्या ‘क्रीचर फ्रॉम द हॉन्टेड सी’ (१९६१) मधलं जनावर पाणबुड्याच्या सूटवर शेवाळ चिकटवून आणि डोळ्यांना टेनिसचे बॉल लावून केलं होतं. तो सिनेमा विनोदी होता, म्हणून ते चाललं. तुम्हाला घाबरवायचं असेल तर अख्खं अंग बनवण्याच्या भानगडीत पडू नका. एक हात कोपरापर्यंत आणि चेहऱ्याचा एक भाग, एवढंच जवळून दिसण्याइतकं सुबक करा. बाकीचं अंग फक्त सावलीत किंवा पाठीमागच्या उजेडात दिसणार आहे, तिथे फोम आणि काळं कापड पुरतं.

हात असा करायचा. ज्याला तो घालायचा आहे त्याच्या हाताचा प्लास्टरचा ठसा आधी घ्या. ही पायरी गाळू नका. ‘इट!’ मध्ये सूट घालणाऱ्या रे कॉरिगनच्या चेहऱ्याचं माप घेतलं गेलं नव्हतं. मुखवटा तोकडा पडला, त्याच्या तोंडातून हनुवटी बाहेर आली आणि शेवटी ती रंगवून जिभेसारखी दाखवावी लागली. ठशातून मिळालेल्या हातावर शाडूनं बोटं, खवले, नखं घडवा. आपल्याकडे शाडूत जीव ओतणारे कारागीर आहेत. पेणला गणपतीच्या कारखान्यात काम केलेला कोणी मिळाला, तर त्याला मोबदला देऊन बोलवा. तो साच्यातले सांधे कुठे ठेवायचे हेही सांगेल. त्या घडणीवर दोन भागांत प्लास्टरचा साचा घ्या, वाळवा, शाडू काढून टाका. मग साच्यात द्रव लॅटेक्स ओता. कोरडं प्लास्टर लॅटेक्समधलं पाणी शोषतं आणि साच्याच्या अंगाला रबराची साल धरते. साल पुरेशी जाड झाली की उरलेलं लॅटेक्स परत डब्यात ओतून घ्या. पूर्ण वाळल्यावर आत टाल्कम पावडर भुरभुरा, नाहीतर सोडवताना रबर स्वतःलाच चिकटतं आणि पुन्हा सुटत नाही. रंग लॅटेक्समध्येच कालवून लावा. नुसता वरून दिलेला अ‍ॅक्रिलिक रंग बोटं वाकली की तडकतो. हे सगळं एप्रिल-मेमध्ये संपवा, पावसाळी हवेत लॅटेक्स लवकर वाळत नाही. त्याला अमोनियाचा वास असतो, खिडक्या उघड्या ठेवा. काहींना रबराची अ‍ॅलर्जी असते, तेव्हा सूट घालणाऱ्याच्या मनगटावर थोडं लावून आदल्या दिवशी बघा.

आता बुळबुळीतपणा. एक मोठा चमचा इसबगोल तीन-चार वाट्या पाण्यात ढवळत उकळा आणि गार होऊ द्या. दोन बोटांत धरून ओढलं की त्याची तार सुटली पाहिजे. तार तुटत असेल तर अजून आटवा. त्यात खाण्याच्या हिरव्या रंगाचा जेमतेम एक थेंब टाका. प्रत्येक शॉटच्या आधी हातावर हे माखा आणि वर पाण्याचा फवारा मारा. ओलं रबर चमकतं, आणि चमक डोळ्यांत भरली की सांधा दिसत नाही. कोरडं जनावर पडद्यावर रबराचंच दिसतं. डेकच्या फळ्यांवर मात्र हे मिश्रण सांडू देऊ नका, माणूस घसरून समुद्रात जाईल.

सूटमधल्या माणसाला दर दहा-पंधरा मिनिटांनी डोकं उघडून पाणी द्या. फोमच्या सूटमध्ये त्याला पाण्यात कधीही उतरवू नका. फोम पाणी पितो आणि माणसाला खाली ओढतो. ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ (१९५४) मध्ये पाण्याखालचं जनावर रिको ब्राउनिंगनं केलं, तो पट्टीचा पोहणारा होता आणि श्वास रोखून शॉट द्यायचा. जमिनीवरचं जनावर बेन चॅपमन या वेगळ्याच माणसानं केलं.

संगणकावर जनावर करायचा मोह होईल. अ‍ॅलेक गिलिस आणि त्यांच्या कार्यशाळेनं २०११ च्या ‘द थिंग’ साठी हातानं केलेली जनावरं पडद्यावर बहुतांशी संगणकाच्या चित्रांखाली झाकली गेली. त्यानंतर गिलिसनी किकस्टार्टरवर लोकांकडून सुमारे ३ लाख ८४ हजार डॉलर जमवले आणि बेरिंग समुद्रातल्या खेकडे पकडणाऱ्या बोटीवरचा ‘हार्बिंजर डाऊन’ (२०१५) केला. त्यातली जनावरं रबर, तारा आणि चिकट रसायनांची आहेत. सिनेमा सगळीकडे सारखा जमलेला नाही, पण नट जेव्हा समोरच्या खऱ्या वस्तूला घाबरतो तेव्हा त्याची नजर कुठे जाते, ते त्यात बघा.

खण

या पायरीवर मी अडून बसतो. खऱ्या मासळीच्या खणात शूटिंग करू नका. कुजलेल्या मासळीतून विषारी वायू सुटतो, बंद जागेत प्राणवायू कमी होतो, आणि आत उतरलेला माणूस हाक मारायच्या आधीच कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. उघड्या झाकणातून आत बघणारा चेहरा बोटीवर घ्या आणि खणाचा आतला भाग जमिनीवर उभा करा. प्लायवूडचे आठ बाय चारचे पाच-सहा तुकडे, त्यावर जुना रंग, मीठ आणि लाकडाचा भुसा. भिंती सुट्या ठेवा, म्हणजे त्याच तुकड्यांची दिशा बदलून दुसरी बाजू दाखवता येते.

इंजिन रूमसाठी बंदराजवळचा बर्फाचा कारखाना बघा. मासेमारी बंद असली की त्यालाही काम कमी असतं. जाड पाईप, झडपा, ओल, सगळं तयार मिळतं. मालकाचा माणूस सोबत ठेवा आणि अमोनियाच्या एकाही झडपेला हात लावू नका.

धुरासाठी बंद जागेत ड्राय आइस वापरू नका, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साईड खाली साचतो. ओल्या डेकवर २३० व्होल्टची वायर नको, बॅटरीवरचे एलईडी पुरेत. नसलेल्या पाण्याचा खेळ भिंतीवर हवा असेल तर परातीत पाणी घ्या, तळाशी आरशाचे तुकडे ठेवा, वरून तिरका दिवा टाका आणि परातीला हलकेच टिचकी मारा. ल्यूटनच्याच ‘कॅट पीपल’ (१९४२) मध्ये तरणतलावातल्या बाईभोवती भिंतीवर हलणारा उजेड, सावली आणि गुरगुर एवढंच आहे, आणि तो प्रसंग आजही घाम फोडतो.

दर्या

बांधलेली बोट डोलत नाही. कॅमेरा डोलवा: ट्रायपॉडचा एक पाय खांद्याला टेकवून सावकाश एका बाजूला झुका, मग दुसऱ्या. नटांनी त्याच वेळी उलट बाजूला भार द्यायचा. छताला टांगलेला कंदील कोणीतरी चौकटीबाहेरून दोऱ्यानं त्याच तालात ओढायचा. कंदील चुकला की सगळं उघडं पडतं, म्हणून तो दोरा तालाचं अंग असलेल्या माणसाकडेच द्या.

खऱ्या समुद्रावरचे शॉट पाच-सहाच ठेवा, ते पावसाळा संपल्यावर, दुसऱ्या बोटीतून, जनावराशिवाय घ्या. ‘जॉज’ चं वेळापत्रक ५५ दिवसांचं होतं, ते १५९ दिवसांवर गेलं. खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क सतत बंद पडायचा.

वादळ हवं असेल तर छोटी प्रतिकृती करा. १६ मीटरची बोट १ मीटरची केली, म्हणजे प्रमाण १:१६. १६ चं वर्गमूळ ४, म्हणून सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम घ्यायच्या आणि २४ च्या वेगानं दाखवायच्या. तेव्हा लाट जड वाटते. यापेक्षा लहान प्रतिकृती नको, कारण बोट लहान करता येते, पाण्याचा थेंब करता येत नाही. कॅमेरा पाण्याच्या पातळीला ठेवा, वरून कधीच नाही.

आवाज

बोटीवर घेतलेले संवाद क्वचितच वापरता येतात, डबिंगची तयारी आधीच ठेवा. पण इंजिनाची घरघर, दोराचा करकर आवाज, फळीखाली पाणी आपटतं तो आवाज, हे प्रत्येकी दोन-तीन मिनिटं शांतपणे रेकॉर्ड करा. जनावर यायच्या आधी यांतला एक आवाज अचानक काढून टाका.

ओरडण्यासाठी खऱ्या प्राण्याचा आवाज नको, लोक ओळखतात. १९५४ च्या ‘गोजिरा’ साठी अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामड्याचा हातमोजा कॉन्ट्राबासच्या सैल तारांवरून ओढवला आणि तो आवाज मंद करून वापरला. आपल्याकडे चौंडकं आहे. तार छेडताना तिचा ताण कमीजास्त केला की आवाज चढतो, उतरतो, हुंदक्यासारखा तुटतो. तो निम्म्या वेगानं वाजवा, एक सप्तक खाली येतो. अजून निम्मा केलात तर ते वाद्य आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

संकलन

जनावराचा प्रत्येक शॉट आधी तुम्हाला आवडतो तेवढा लांब ठेवा, मग शेवटाकडून फ्रेम काढत चला. रबर दिसायला लागतं त्याच्या आधी थांबा. पहिल्या अर्ध्या भागात नुसता हात, तोही एकदा किंवा दोनदा. ‘जॉज’ मध्ये निम्म्याहून जास्त सिनेमा उलटेपर्यंत शार्क नीट दिसत नाही.

मग युनिटमध्ये नसलेल्या चार-पाच जणांना अंधाऱ्या खोलीत बसवा, त्यांत एखादा मासेमारीवर जाणारा असू द्या. तुम्ही पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा. कोण कुठे फोनकडे वळलं आणि कुठे हसलं ते वेळेसह लिहा, आणि त्या जागा दुसऱ्या दिवशी कापायला घ्या.