वाचायला आलं, आता काय वाचावं?



तुमची अक्षरओळख झाली. स्वतःचं नाव लिहिता येऊ लागलं. नरडाणा स्टेशनवरची पाटी आता वाचता येते. मुंबई-आग्रा रस्त्यावरची एस. टी. कुठल्या गावाची, तेही कळतं. दुसऱ्याला विचारावं लागत नाही. ही लहान गोष्ट नाही.

पण वर्ग संपला की पुष्कळ जण आम्हाला विचारतात, "आते काय वाचानं, भाऊ?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. विहिरीचा उपसा थांबला की झरे बुजतात. वाचनाचंही तसंच आहे. जो वाचत नाही, तो हळूहळू अक्षरं विसरतो. मग एक दिवस कागद पुढे येतो आणि अंगठ्याला पुन्हा शाई लागते. असं होऊ नये, म्हणून हा धडा.

माणसाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक मन आणि दुसरा प्रपंच. दोन्हींसाठी वाचलं पाहिजे.

मनासाठी काय वाचावं?

आपल्या धुळ्याचीच गोष्ट घ्या. १९३२ साली स्वातंत्र्याच्या चळवळीत पुष्कळ लोक धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तिथे होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले. गीतेचे अध्याय अठरा आणि रविवारही अठरा. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ते बोलणं भराभर लिहून घेतलं. त्याचंच पुस्तक झालं. त्याचं नाव 'गीता प्रवचने'. पुढे ते देशातल्या अनेक भाषांत गेलं.

विचार करा. त्या दिवशी कुणी लिहून घेतलं नसतं, तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतीतच राहिले असते. लिहिणारा होता, म्हणून ते आज तुमच्या-आमच्या हाती आले.

या पुस्तकाची भाषा सोपी आहे. उदाहरणं रोजच्या कामातली आहेत. आपलं काम मन लावून, स्वार्थ सोडून केलं, तर तीच देवाची पूजा, असा त्याचा भाव आहे. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती. मराठीत असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. म्हणून विनोबांनी 'गीताई' लिहिली. म्हणजे एका आईच्या अडचणीतून ते पुस्तक झालं.

नरडाण्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत अमळनेर लागतं. साने गुरुजी तिथल्या शाळेत शिक्षक होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकात एकेका रात्री एकेक गोष्ट सांगितली आहे. घरात रोज रात्री एक गोष्ट मोठ्यानं वाचावी. आजी ऐकेल, पोरं ऐकतील.

जळगावजवळ आसोदे गाव आहे. बहिणाबाई चौधरी तिथल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण शेतात काम करताना, जात्यावर दळताना त्यांना गाणी सुचत. त्यांचा मुलगा सोपानदेव याने ती लिहून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. १९५२ साली गाण्यांचं पुस्तक निघालं. ती गाणी आपल्या खानदेशातल्या घरच्या बोलीत आहेत. "पुस्तकाची भाषा आमची नव्हे," असं ज्याला वाटतं, त्यानं ही गाणी आधी वाचावी.

मग तुकारामबुवांचे अभंग आहेत. समर्थांचा 'दासबोध' आहे. दासबोधात नुसता परमार्थ नाही. मूर्ख कसा ओळखावा, तेही त्यात आहे. अक्षर कसं काढावं, ओळ कशी सरळ ठेवावी, यावरसुद्धा एक पूर्ण समास आहे. संतांनी लिहिण्याला किती मान दिला, ते यावरून कळतं.

प्रपंचासाठी काय वाचावं?

नुसती पोथी वाचली आणि शेताचा कागद वाचला नाही, तर काय होईल? पोथी पाठ होईल आणि शेत हातचं जाईल.

म्हणून पहिला कागद सात-बारा. तो मिळाला की घडी करून पेटीत टाकू नका. वाचा. नावं बरोबर आहेत का? वडील वारले असतील तर वारसांची नोंद झाली का? बहिणीचं नाव लागलं का? आईचं लागलं का? 'इतर हक्क' या ठिकाणी कर्जाचा बोजा लिहिलेला असतो. कर्ज फेडलं, पण बोजा तसाच राहिला, असं होऊ शकतं. ते वाचल्याशिवाय कळत नाही. कळलं, तर तलाठ्याकडे जाऊन विचारता येतं.

दुसरं, फवारणीच्या औषधाचा डबा. त्यावर एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या भागाचा रंग पाहा. लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असं समजू नका. तेही विषच. किती पाण्यात किती टाकायचं, विषबाधा झाली तर काय करायचं, हे सोबतच्या कागदावर छापलेलं असतं. फवारणीच्या आधी पाच मिनिटं ते वाचावं. त्या पाच मिनिटांनी जीव वाचू शकतो.

तिसरं, बियाण्याची पिशवी आणि तिची पावती. पिशवीवर मुदत आणि लॉट नंबर असतो. पावतीवर तोच नंबर आहे का, ते दुकानातच पाहावं. बियाणं उगवलं नाही, तर तक्रारीला हाच पुरावा. पिशवी आणि पावती पीक घरात येईपर्यंत जपावी.

चौथं, बँकेचं पासबुक आणि घरातल्या गोळ्या-औषधांची मुदत. बाई घरात वाचणारी असेल, तर मुदत संपलेलं औषध लेकराच्या पोटात जात नाही.

छापलेलं सगळं खरं नसतं

एक गोष्ट ध्यानात ठेवा. "हा कागद वाचून अकरा जणांना पाठवा, नाहीतर नुकसान होईल," असले मजकूर पूर्वी पोस्टकार्डावर येत. आता मोबाइलवर येतात. त्यांना भिऊ नका. देव कुणाला अशी धमकी देत नाही. एका बाटलीत सगळे रोग बरे करणारी जाहिरातही तशीच. वाचल्यावर स्वतःला विचारावं, "हे कोण सांगतो? यात त्याचा फायदा काय?" असं विचारायला लागलात, म्हणजे तुम्ही खरे वाचक झालात.

कसं वाचावं?

रोज एकच पान वाचा, पण रोज वाचा. मोठ्यानं वाचा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि शाळेतल्या मुलाला विचारा. त्यात लाज नाही. वाचलेलं आपल्या अहिराणीत दुसऱ्याला सांगा. सांगता आलं, म्हणजे समजलं. पुस्तक विकत घेणं जमत नसेल, तर जवळच्या वाचनालयातून आणा. चार घरांनी मिळून एक पुस्तक घेतलं, तरी चालेल.

सकाळी सात-बारा वाचणारे डोळे आणि रात्री अभंग वाचणारे डोळे एकच आहेत. सात-बारा आपल्या हक्काचं सांगतो आणि अभंग आपल्या कर्तव्याचं. दोन्ही कळलं, म्हणजे माणूस ताठ मानेनं चालतो आणि कुणाला लुबाडतही नाही.

प्रश्न

१. 'गीता प्रवचने' हे पुस्तक कसं तयार झालं?
२. बहिणाबाईंची गाणी कुणी लिहून ठेवली?
३. औषधाच्या डब्यावरचा लाल रंग काय सांगतो?

करून पाहा

घरातला सात-बारा आज काढा. त्यावरची सगळी नावं मोठ्यानं वाचा. कुणाचं नाव राहिलं आहे का, ते घरच्यांना सांगा.