फळी, ताट आणि मंडळ : ‘बोर्ड’ या शब्दाचा अभ्यास

इंग्रजीच्या तासाला आम्ही वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना एक साधे काम देतो. सकाळपासून रात्रीपर्यंत ‘बोर्ड’ हा शब्द कोठे कोठे कानी पडला, ते वहीत लिहून आणायचे. या शब्दाचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. जळगाव-धुळ्याकडच्या घरांत तो आता मराठीच झाला आहे. वह्या येतात त्या बहुधा सारख्याच असतात. बसस्थानकावर आजी म्हणाली, “बोर्ड वाचून सांग रे, गाडी धुळ्याची की चोपड्याची?” मोठ्या बहिणीचे यंदा बोर्डाचे वर्ष आहे. खोलीतल्या विजेच्या बोर्डातून ठिणगी उडाली. रविवारी कॅरम बोर्ड मांडला. ज्याचे वडील भुसावळला रेल्वेत आहेत, तो रेल्वे बोर्डाच्या आदेशाविषयी लिहितो. आणि जवळजवळ प्रत्येक वहीतून एक नोंद हमखास राहून जाते. आपण स्वतः बोर्डिंगात राहतो, हे कोणीच लिहीत नाही. ज्या शब्दाच्या आत आपण झोपतो-उठतो, तो कानावर पडेनासा होतो. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हा शब्द आमच्याबरोबर एकदा सावकाश उलगडून पाहावा, एवढ्यासाठी हा लेख.

या सर्व अर्थांच्या मुळाशी एक साधी लाकडी फळी आहे. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे फळी. फळ्या जोडून गलबताची बाजू तयार होई, म्हणून त्या बाजूलाही बोर्ड म्हणत. आणि ढाल ही लाकडाचीच असल्यामुळे कवी ढालीलाही बोर्ड म्हणत. पाली शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना येथे आम्ही थांबवतो. पालीतील ‘फलक’ या शब्दाचे अर्थ कोशात पाहा, असे सांगतो. फळी आणि ढाल, दोन्ही तेथे सापडतात. आपला फळा आणि आपली फळी त्याच फलकाची लेकरे. एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या दोन भाषा एकाच वाटेने चालल्या, आणि त्यांत कोणी कोणाची उसनवारी केलेली नाही. लाकूड आणि माणसाची गरज दोन्हीकडे सारखीच होती.

फळी ठोकळ्यांवर आडवी टाकली की मेज होते. मेजावर अन्न येते. म्हणून इंग्रजीत बोर्ड म्हणजे जेवण असाही अर्थ आला, आणि पैसे देऊन किंवा न देता रोजचे जेवण मिळण्याची जागा ती ‘बोर्डिंग’. आपल्याकडेही हेच घडले आहे. जेवायला बसायची फळी म्हणजे पाट, आणि ‘पाट-पाणी झाले’ म्हटले की पुढचे कोणाला सांगावे लागत नाही. मात्र येथे एका भेदाकडे आम्हांला लक्ष वेधायचे आहे. ‘वसतिगृह’ या आपल्या शब्दात केवळ राहणे आहे. जेवण त्यात गृहीत धरावे लागते. ‘बोर्डिंग’ या शब्दात जेवण आधी येते. जुन्या पिढीतील पालक ‘वसतिगृह’ असा छापील शब्द न वापरता ‘पोराला बोर्डिंगात टाकले’ असे का म्हणत, याचे उत्तर आम्हांला त्यात दिसते. तालुक्याच्या गावी शाळा होती, पण तेथे दोन वेळची भाकर कोण देणार, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

तो प्रश्न महाराष्ट्रात काहींनी वेळीच ओळखला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी, १९२५ च्या जानेवारीत, सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. सभेच्या अगदी आरंभीच्या कामांत वसतिगृह आहे, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

फळा आणि जेवण हे बोर्डचे दोन अर्थ एकाच जागी समोरासमोर उभे राहिल्याचा एक प्रसंग आहे. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात तो आला आहे. मुंबईच्या हायस्कुलात शिक्षकांनी भीमरावांना एक गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले. वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुले आपले जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवीत असत. भीमराव फळ्याला हात लावतील आणि अन्न विटाळेल, या भीतीने मुले धावली आणि त्यांनी डबे बाजूला फेकले. मग भीमराव फळ्यापर्यंत पोहोचले. वर्गात हा प्रसंग सांगताना आम्ही ब्लॅकबोर्ड हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहितो आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही. एका फळीच्या पुढच्या बाजूला विद्या होती, मागच्या बाजूला अन्न होते, आणि दोहोंपासून एकाच मुलाला दूर ठेवायचे होते.

मेजाभोवती बसणाऱ्या माणसांनाही पुढे बोर्ड म्हणू लागले. मराठीने त्याचे ‘मंडळ’ केले. इंग्रजीला मधले मेज आठवले, मराठीला भोवतीचे वर्तुळ. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे नाव घेताना त्यात एखादे मेज असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. आजोबांच्या तोंडी मात्र ‘लोकल बोर्डाची शाळा’ असे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मेजावर झाला. तळ्याच्या पाण्यापर्यंत पोहोचायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि तोही महाडला चालत जाऊन.

आता क्रियापद. गलबताच्या बाजूवरून आत चढणे म्हणजे ‘टू बोर्ड’. गलबतावरून हा शब्द आगगाडीवर आला, मग बसवर आणि विमानावर. आमची मुले ‘बोर्डेड इन द ट्रेन’ असे लिहितात. मधला ‘इन’ काढून टाकावा. आणखी एक बारकावा असा की हे क्रियापद अनेकांना वाहून नेणाऱ्या वाहनासाठीच शोभते. मोटारीत किंवा टांग्यात बसायचे असेल तर इंग्रज ‘गेट इन’ म्हणतो.

हा बारकावा खानदेशच्या भूमीवर कसा उतरला, ते बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात वाचावे. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात आले होते. एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावहून धुळ्याच्या फाट्यावरील गाडीने गेले आणि परतीच्या गाडीने चाळीसगावला उतरले. आगगाडीत चढायला कोणी अडवले नाही. वस्तीवर जायला मात्र टांगा हवा होता, आणि एकही टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार होईना. सुमारे तासभर ते स्टेशनवर थांबले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला त्याची सवय नव्हती. नदीवरच्या पुलाशी टांग्याचे चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. त्यांचा पाय मोडला. समितीच्या त्या मेजावर त्यांना स्थान होते, गाडीचे तिकीटही होते. चाळीसगावला उतरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक नसते, याची आम्हांला खंत आहे.

किरकोळ अर्थ झटपट सांगून टाकतो. ‘अबोव्ह बोर्ड’ म्हणजे उघड, प्रामाणिक. पत्ते खेळणाऱ्याचे हात मेजाच्या वर दिसले पाहिजेत, यातून तो आला असे मानतात. ‘आय अ‍ॅम बोर्ड’ असे कोणी कंटाळून म्हणाले तर तो शब्दच वेगळा. उच्चार तेवढा सारखा. त्याचे मूळ ‘बोअर’, आणि तेही आमच्या केळीच्या पट्ट्यात भलत्याच अर्थाने नांदते, कारण येथे बोअरला पाणी लागले की कोणी कंटाळत नाही!

आमच्या भोजनगृहाच्या दाराशी एक छोटा काळा फळा टांगलेला आहे. उद्याचे जेवण त्यावर लिहिण्याची पाळी दर आठवड्याला एका विद्यार्थ्याकडे येते. परवा पाचवीतल्या मुलाने खडूने लिहिले : ‘सकाळी वरण-भात, संध्याकाळी खीचडी’. मागून ताट घेऊन आलेल्या आठवीतल्या मुलीने बोटाने ती पहिली वेलांटी पुसली, त्याच्या हातातला खडू घेतला आणि ऱ्हस्व काढून दिली.