शिधा दिला, विचारपूस राहिली

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हातावर पोट असणाऱ्यांची कामे एकाएकी बंद पडली. तेव्हा धर्मग्रामातील आम्ही काही जणांनी तांदूळ, डाळ, तेल घरोघर पोचवले. पिशवी दारात ठेवायची, यादीवर खूण करायची आणि पुढच्या दारी जायचे. एका चाळीत घरकाम करणारी एक बाई पिशवी घेतल्यावरही दारातच उभी राहिली. तिला काही सांगायचे होते. आम्हाला यादी पुरी करायची होती.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले की, महामारीच्या पहिल्या वर्षी जगभर चिंता व नैराश्य २५ टक्क्यांनी वाढले. गरिबाघरी त्यात भर पडली ती थकलेल्या भाड्याची, एका खोलीतल्या कोंडीची आणि सगळ्या मुलांच्या अभ्यासाला एकच मोबाईल असण्याची. अशा घरी 'चांगले विचार करा' एवढा उपदेश पुरत नाही.

मग काय करावे? याच संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही.

१. पाहा : घरात अन्न आहे का? आजारी, गरोदर, वृद्ध कोण आहे? कुणाची झोप उडाली आहे, कुणी बोलणे टाकले आहे, कुणी दारू धरली आहे?

२. ऐका : जरा टेका. बोलण्याची बळजबरी नको. 'रडू नका, देवाची इच्छा' असे म्हणून समोरच्याचे तोंड बंद करू नका. ऐकलेले चारचौघांत सांगू नका.

३. जोडून द्या : रेशनकार्ड, औषध, शाळेची फी यांची वाट दाखवणे हीसुद्धा मनाची सेवाच आहे. कुणी मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. तेथे मराठीतही बोलता येते.

साथ ओसरली, पण तेव्हा काढलेले कर्ज आणि सुटलेली शाळा काही घरांत अजून आहे. येत्या आठवड्यात अशा एका घरी जाऊ या. हातात पिशवी नसली तरी चालेल, पण घाई नको.